सकाळी गोड, दुसऱ्या दिवशी कडू: वरुडच्या संत्रारसाचं एक प्रकरण

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वरुड तालुक्यातल्या एका महिला बचत गटाचा फोन आला. त्यांच्या छोट्याशा रस युनिटमधून गेलेल्या १८० बाटल्या दुकानदारानं परत पाठवल्या होत्या. तक्रार एकच, रस कडू आहे. "मॅडम, काढला तेव्हा साखरेसारखा गोड होता जी. आम्ही सगळ्यांनी पिऊन पाहिला. मग रात्रीतून काय झालं?" गटाच्या अध्यक्ष ताईंच्या आवाजात राग नव्हता, धसका होता. दुकानदारानं फोनवर एक शब्द वापरला होता: भेसळ.

मी अन्नतंत्रज्ञान शिकवते. माहेर मोर्शीकडचं, लहानपण संत्र्याच्या बागेत गेलेलं. ज्या बायकांनी रसात पाण्याचा थेंब घातला नाही, त्यांना हा शब्द ऐकावा लागला याचं मला फार वाईट वाटलं. त्या वाटण्याच्या भरातच मी पहिली चूक केली. युनिट न बघता फोनवरच सल्ला दिला: "रस कितीवर तापवता? ९० अंशांवर? ७० वर आणा. जास्त तापवल्यानं कडू होतो."

त्या सल्ल्यात अर्धं सत्य होतं. आठवड्याभरानं दुसरी खेप परत आली. या वेळी रस कडू तर होताच, शिवाय फुटलेला होता. बाटलीच्या वरच्या अर्ध्या भागात चहासारखं निवळ पाणी, खाली पिवळा गाळ. मग मात्र मी गाडी काढली आणि वरुडला गेले.

पत्र्याची शेड, स्वच्छ सारवलेलं अंगण, आत दोन मोठी स्टीलची पातेली, एक स्क्रू ज्यूसर, गाळणी, बुचं बसवायचं हातयंत्र. दाराशी आंबिया बहाराच्या (हिवाळ्याच्या सुरुवातीला येणाऱ्या पिकाच्या) संत्र्यांचे क्रेट, सगळी चुरी. चुरी म्हणजे बाजारात ज्याला कुणी विचारत नाही असं बारकं फळ. तेच स्वस्तात घेऊन त्याचा रस करायचा, हा या युनिटचा सगळा हिशेब. हिशेब चांगलाच आहे. आंबियाच्या हंगामात विदर्भात चुरीचे ढीग कसे पडतात ते पाहिलेल्या कुणालाही तो पटेल.

मी त्यांना म्हटलं, रोज करता तसंच करून दाखवा, माझ्याकडे बघू नका. बायकांनी साल हातानं काढली. फोडी पापुद्र्यासकट, बियांसकट ज्यूसरमध्ये टाकल्या. ज्यूसरच्या टोकाचा स्क्रू चांगला आवळलेला होता, त्यामुळे चोथा जवळजवळ कोरडा पडत होता. तो चोथा पुन्हा एकदा फिरवला, कारण त्यात अजून रस होता. रस पातेल्यात जमला आणि दोन तास तसाच राहिला, पातेलं भरल्याशिवाय शेगडी पेटवायची नाही म्हणून. ज्यूसरच्या तोंडाशी वाटी धरून एका ताईंनी चव पाहिली आणि मान डोलावली. मग तापवणं, गरम रस बाटलीत भरणं, बूच लावणं.

चव पाहिली ती तापवण्याआधी. बाटल्या भरून गार झाल्यावर कुणी चाखलंच नव्हतं. एक बाटली उघडायची म्हणजे एक बाटली वाया.

परत आलेल्या पहिल्या खेपेतली एक बाटली मी तिथेच उघडली. घोट घेतला. पहिल्यांदा गोड-आंबट, अगदी ओळखीचा संत्रा. गिळला. दोन-तीन सेकंदांनी जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा चढायला लागला आणि बराच वेळ उतरला नाही. पाणी प्यायले तरी राहिला. तोंडात उशिरा येणारा आणि उशिरा जाणारा हा कडूपणा ज्यानं एकदा ओळखला, त्याला पुढे फारसं शोधावं लागत नाही. पण दुकानदाराला पटवायचं होतं, त्यामुळे बाकीचे संशयितही एकेक करून बाजूला काढले.

सालीचं तेल? ते रसात उतरलं तर जिभेला चरचरतं आणि लगेच कळतं, दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही. नॅरिंजिन? ग्रेपफ्रूट आणि पपनस कडू लागतात ते त्याच्यामुळे, पण त्याची चवही पहिल्या घोटालाच असते. इथे तर काढताना रस गोड होता. गाळणीला चिकटलेले पांढरे कण दाखवून एका ताईंनी हळूच विचारलं, "बुरशी तर नसंन ना जी?" ते हेस्पेरिडिन होतं. संत्र्यात ते भरपूर असतं, रसात सुटून आलं की त्याचे पांढरे कण बसतात, आणि त्याला चवच नसते. बाटल्या, बुचं, पाणी, सगळं नीट होतं. साखर किंवा परिरक्षक काही घातलेलंच नव्हतं.

मग मोजमाप. ज्यूसरमधून नुकत्याच निघालेल्या रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकला, ब्रिक्स ९.८. ब्रिक्स म्हणजे ढोबळमानानं रसात विरघळलेल्या घन पदार्थांची टक्केवारी. संत्र्यात त्यातला मोठा वाटा साखरेचा: सुक्रोज, ग्लुकोज, फ्रुक्टोज. थोडा वाटा सायट्रिक आम्लाचा. आम्लता पाहायला १० मिलि रस घेतला, भरपूर पाण्यानं पातळ केला (संत्र्याच्या मूळ रंगात गुलाबी छटा दिसत नाही, म्हणून), फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकले आणि ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब सोडलं. गुलाबी छटा टिकली तेव्हा १२.५ मिलि गेलं होतं, म्हणजे आम्लता ०.८ टक्के. ब्रिक्सला आम्लतेनं भागलं की येतं सव्वाबारा. नागपुरी संत्र्यासाठी हे गुणोत्तर काही वाईट नाही. रस नीट गोड-आंबट आहे एवढंच ते सांगतं. कडूपणाबद्दल अक्षरही सांगत नाही.

माझ्या मते आपल्या सगळ्या संत्रा व्यवहाराची गोची इथे आहे. आपण फळाचा रंग पाहतो, आकार पाहतो, फार तर ब्रिक्स पाहतो. खाण्याच्या फळाला तेवढं पुरतं, रसाच्या फळाला पुरत नाही.

कडू नसलेल्या पदार्थाचा कडू होतो तो कसा

फोडीवरचा पापुद्रा, मधला पांढरा धागेदार भाग आणि बिया यांच्यात लिमोनॉएट ए-रिंग लॅक्टोन नावाचा पदार्थ असतो. नाव सोडून द्या, एवढंच लक्षात ठेवा की तो स्वतः कडू नाही. पेशीत तो जिथे राहतो तिथे आम्ल जवळजवळ नसतं. आंबट रस वेगळ्या कप्प्यात, त्या लांबट रसपिशव्यांमध्ये. फळ अख्खं आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. आपण फोड तोंडात टाकतो तेव्हा चावून गिळेपर्यंत वेळ तो किती जातो! ज्यूसरमध्ये मात्र पापुद्रे फाटतात, बिया चेचल्या जातात आणि हा पदार्थ आंबट रसात उतरतो. आम्लात त्याच्या रेणूतलं एक उघडं कडं बंद होतं आणि जे तयार होतं ते लिमोनिन, जबर कडू. फळातलंच एक विकर (एन्झाइम) या कामाला हातभार लावतं. थंड रसात हे काम काही तास चालतं, तापवलं की झपाट्यानं उरकतं.

ज्यूस सेंटरवाला मोसंबीचा ग्लास हातात देताना "लगेच प्या, ठेवू नका" का म्हणतो, तेही हेच.

लिमोनिन किती लागतं? लिटरला साधारण ६ मिलिग्रॅम झालं की बहुतेकांना कडू लागायला लागतं. हजार लिटरच्या टाकीला ६ ग्रॅम. एवढ्याशा पदार्थानं सगळी टाकी जाते.

आता माझ्या फोनवरच्या सल्ल्याचं काय झालं ते कळेल. तापमान ७० वर आणल्यानं लिमोनिन तयार होण्याचा वेग कमी झाला, पण मूळ पदार्थ रसातच होता. तो बाटलीत बसून सावकाश कडू झाला. दुसरीकडे संत्र्याच्या गरात पेक्टिनएस्टरेज नावाचं विकर असतं. रसाला जो सुरेख गढूळपणा असतो तो पेक्टिनमुळे टिकतो आणि हे विकर त्या पेक्टिनवरच घाव घालतं. जंतू मरायला जेवढी उष्णता लागते त्यापेक्षा या विकराला मारायला जास्त लागते, म्हणून संत्रारस ९० अंशांच्या वर नेतात. मी ७० सांगितलं, विकर जिवंत राहिलं, रस फुटला. त्या ९० वर तापवत होत्या तेच बरोबर होतं. मी गटासमोर माझी चूक कबूल केली आणि त्या खेपेच्या बाटल्यांचे पैसे दिले. ताई घ्यायला तयार नव्हत्या, पण ते मला देणंच होतं.

एकाच क्रेटमधले तीन रस

सांगून पटण्यापेक्षा चाखून पटलेलं बरं. एकाच बागेच्या फळांचे तीन वाटे केले. पहिल्यात फोडी सोलून, बिया काढून फक्त रसपिशव्या पिळल्या. चार बायका तासभर त्यातच होत्या. दुसऱ्यात फोडी अख्ख्या टाकल्या, पण स्क्रू सैल ठेवला, चोथा एकदाच फिरवला आणि रस लगेच गाळला. तिसरा नेहमीसारखा: स्क्रू आवळून, चोथा दोनदा फिरवून, दोन तास ठेवून. तिन्ही रस ९० वर तापवले, झाकून रात्रभर ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टीलच्या पेल्यांना खाली आकडे चिकटवले आणि नऊ जणांना चाखायला दिले. कुठला कुठला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. नऊपैकी सात जणांचा कौल एकसारखा आला: पहिला अजिबात कडू नाही, दुसरा गिळल्यावर किंचित, तिसरा नको.

उरलेल्या दोघींना तिन्ही सारखेच गोड लागले. "मले तर सगळे सारखेच लागून राहिले," त्यातल्या एक ताई म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. ज्यूसरच्या तोंडाशी वाटी धरून रोज चव पाहायचं काम त्यांच्याकडेच होतं. मी त्यांना तिथेच सांगितलं की यात त्यांचा दोष काही नाही. लिमोनिन कळण्याची क्षमता माणसामाणसात खूप वेगळी असते, काहींना अगदी थोडं असलं तरी कळतं, काहींना कितीतरी पट लागतं. चव पाहायचं काम दुसऱ्या दोघींकडे गेलं, या ताईंनी ब्रिक्स आणि आम्लतेची वही घेतली. आज तालुक्यात त्यांच्याइतकं नेटकं टायट्रेशन करणारं दुसरं कुणी असेल असं मला वाटत नाही.

पण दुसऱ्या पद्धतीत एक अडचण होती आणि ती चवीपेक्षा मोठी. स्क्रू आवळून दोनदा फिरवलं तर १०० किलो फळामागे ४४ लिटर रस निघत होता. सैल ठेवून एकदाच फिरवलं तर ३७. सात लिटर गेले. ज्या युनिटचा सगळा नफा एवढ्यातच बसतो, त्यांना "चोथ्यात रस राहू द्या" असं सांगणं सोपं नव्हतं. अध्यक्ष ताई बराच वेळ त्या चोथ्याकडे पाहत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "परत आलेल्या बाटलीचा रस किती लिटर धरायचा?" त्या दिवसापासून स्क्रू सैल झाला.

फळ केव्हा तोडलं

डिसेंबरच्या शेवटी त्याच बागेत झाडावर राहिलेली फळं आणली. ब्रिक्स १०.६, ब्युरेटमधून या वेळी बरोबर १० मिलि गेलं, म्हणजे आम्लता ०.६४. गुणोत्तर साडेसोळाच्या वर. त्याच दुसऱ्या पद्धतीनं काढलेला, तापवून रात्रभर ठेवलेला रस. कडू नाही. सातही जणांनी तेच सांगितलं.

फळ झाडावर पिकत जातं तसं ते या कडवट घराण्यातल्या रेणूंना ग्लुकोज जोडत जातं. जोडलं गेलं की तो रेणू बिनचवीचा होतो आणि पुन्हा लिमोनिनकडे वळत नाही. हे काम फळ स्वतः करतं, सावकाश, आणि आपण त्याला वेळच देत नाही. आंबियाची फळं सणाच्या भावासाठी लवकर उतरतात. रात्री गार पडल्या की सालीचं हिरवेपण जाऊन केशरी रंग येतो, इथिलीन वायू देऊनही तो आणता येतो. सालीचा रंग आणि पापुद्र्यातला कडूपणा यांचे रस्ते वेगळे आहेत. बाहेरून पिकलेलं फळ आतून पिकलेलं असेलच असं नाही, आणि नोव्हेंबरचे आमचे क्रेट तसेच होते.

आणखी एक गोष्ट आहे, ती या हंगामात बदलण्यासारखी नव्हती. आपली संत्र्याची कलमं बहुतेक जंबेरी या लिंबाच्या जातीच्या खुंटावर, म्हणजे कलमाच्या खालच्या मुळाकडच्या भागावर, बांधलेली असतात. जंबेरी आपल्या जमिनीत दमदार चालतो, झाड जोमानं वाढतं. पण परदेशातल्या लिंबूवर्गीय फळांच्या संशोधनात वारंवार दिसलं आहे की याच जातीच्या खुंटावरच्या झाडांचा रस त्रिदल (तीन पानांच्या लिंबूवर्गीय जातीच्या) खुंटावरच्या झाडांपेक्षा जास्त कडू निघतो. उभ्या बागेचा खुंट बदलत नाही. नवी बाग रसासाठी लावायची असेल तर डोळा कशावर बांधायचा हे मात्र आधी विचारायला हवं. नागपूरला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, आणि कमी बियांची वाणंही आता उपलब्ध आहेत. बिया कमी म्हणजे चेचलं जाणारंही कमी.

वरुड-मोर्शीला आपण अभिमानानं विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतो. खऱ्या कॅलिफोर्नियाचं दुखणं नेमकं हेच होतं, हे फार जणांना ठाऊक नसतं. १८७३ मध्ये तिथल्या रिव्हरसाइड गावात ब्राझीलमधल्या बाहियाच्या नेव्हल संत्र्याची कलमं पोचली. बिनबियांचं, सोलायला सोपं, खायला अप्रतिम फळ. पण रस काढून ठेवला की कडू. १९३८ मध्ये त्या रसातून लिमोनिन वेगळं काढलं गेलं, आणि कडूपणा आधी नसतो व नंतर कसा येतो हे कोडं उलगडायला १९६८ उजाडलं. रसाचा मोठा धंदा उभा राहिला तो नेव्हलवर नाही, तर फ्लोरिडातल्या व्हॅलेन्शियासारख्या संत्र्यावर. ते उशिरा पिकतं आणि त्यात हा त्रास फार कमी. नेव्हलच्या रसातलं लिमोनिन शोषून घेणाऱ्या रेझिनच्या नळ्या नंतर मोठ्या कारखान्यांत आल्या. दिवसाला २०० बाटल्या भरणाऱ्या युनिटला ती यंत्रणा परवडत नाही.

नागपुरी संत्राही नेव्हलसारखाच खायचा संत्रा आहे. सैल साल, सुटी होणारी फोड, नाकात शिरणारा वास. २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते याच गुणांसाठी. रसाचं फळ म्हणून त्याला ओढून आणायचं तर त्याच्या अटी मान्य कराव्या लागतील.

उरलेल्या चुरीचं काय

लवकरची, आतून कच्ची फळं फेकायची नाहीत. ती स्क्वॅशमध्ये चालतात, आणि यामागचा हिशेब मला फार आवडतो. स्क्वॅशमध्ये किमान २५ टक्के रस आणि ४० ब्रिक्स लागतो. समजा रसात लिटरला १२ मिलिग्रॅम लिमोनिन आहे, म्हणजे कडू लागण्याच्या दुप्पट. स्क्वॅशमध्ये ते ३ झालं. वर साखर. पिताना तीन पट पाणी घातलं की एकाच्याही खाली. साध्या रसात साखर ढकलून कडूपणा झाकायचा प्रयत्न केला की बाटली गोडमिट्ट होते आणि कडूही राहते, तसं इथे होत नाही. आमच्या घरी आजी सणाआधीच्या हिरवट संत्र्याचा स्क्वॅशच करायची, रस कधी नाही.

युनिटमध्ये आता खरेदीआधी एक परीक्षा असते. बागेतून पाच किलो फळ आणायचं, स्क्रू सैल ठेवून रस काढायचा, पातेल्यात ९० अंशांपर्यंत तापवायचा, झाकून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा घ्यायच्या आधी, दोघींनी चाखायचा. वहीत ब्रिक्स, आम्लता, तोडणीची तारीख आणि शेवटी दोन रकाने आहेत: 'आजची चव' आणि 'उद्याची चव'. उद्याची चव चांगली तर फळ रसाला, नाहीतर स्क्वॅशला.

फेब्रुवारीत मृग बहाराची (पावसाळ्यात फुलणाऱ्या पिकाची) पहिली फळं घेऊन एक काका आले. देखणं फळ, ब्रिक्स ११. 'आजची चव' या रकान्यात ताईंनी 'उत्तम' लिहिलं. दुसऱ्या दिवशी काका भाव ठरवायला आले तेव्हा दुसऱ्या रकान्यात 'कडू' होतं. काका चिडले. त्यांच्या बागेचं फळ आजवर कुणी नाकारलं नव्हतं. अध्यक्ष ताईंनी वाद घातला नाही, रात्रीच्या रसाचा पेला पुढे केला. काकांनी घोट घेतला आणि "गोड तर आहे जी" म्हणाले. ताई गप्प उभ्या राहिल्या. पाच-सात सेकंदांनी काकांनी पेला खाली ठेवला.

"आमच्या संत्र्याले हे कधी लागलं नाही," ते म्हणाले.

"खाताना लागणारही नाही, काका," ताई म्हणाल्या. "फळ चांगलंच आहे. खायला विका."

मोठी फळं त्याच दिवशी क्रेटात भरून मंडईला गेली. खाली उरलेली तीन क्रेट चुरी युनिटनं स्क्वॅशसाठी घेतली, आणि झाडावरची बाकी फळं तीन आठवडे उतरवायची नाहीत, मग पुन्हा पाच किलो आणायची असं ठरलं.